चौघींपैकी एकमेव जगज्जेती

३ मार्च, सकाळ

मुष्टियुद्धात एकाच वजनाच्या चार चार जगज्जेत्या आहेत आणि हे मला बेकरीच्या रांगेत कळतं. घरात सांगायला कोणाला तोंड नव्हतं. रांगेत माझ्या पुढे घड्याळवाल्याची आई. हातात पाव, मान अशी ताठ की पावाचा शोध हिनंच लावलाय. म्हणते, कळलं का, आमची नात काल जगज्जेती झाली. मी म्हटलं, झोपेत का? जगज्जेती माझी नात आहे, नोव्हेंबरपासून. म्हणते, तुमची लाल पट्ट्याची हो. आमची काळ्या पट्ट्याची. शिवाय निळ्याची एक आहे, जांभळ्याची एक आहे. बेकरीवाला हसला. त्याच्याकडून पाव घेणं बंद.

बरं. वही, नमस्कार. राहूनच गेलं. ही वही नातीनं दिली. म्हणाली, आजी, लोकांवर ओरडण्यापेक्षा यात लिहीत जा. चौथीपर्यंत शाळा झालीय, अक्षर मोठं येतं, पानं लवकर संपतील. आणि मी ओरडत नाही. आवाजच तसा आहे.

तर ठरवलं. घड्याळवाल्याच्या आईशी बोलायचं नाही. चहात साखर अर्धा चमचा. आणि हा चार जगज्जेत्यांचा घोळ एप्रिल संपायच्या आत निस्तरायचा. कोणीतरी निस्तरायलाच हवा. बाकी सगळे मख्ख बसलेत.

३ मार्च, संध्याकाळ

नातीला विचारलं. आईबाप परगावी नोकरीला, पोर पाच वर्षांची असल्यापासून माझ्याकडे. मुष्टियुद्धाचं खूळ तिचं, पण नेटानं उभी राहिली ती माझ्यामुळे. म्हटलं, जग एकच आहे ना? म्हणाली, हो. मग जगज्जेत्या चार कशा? म्हणाली, आजी, जग एक आहे, ऑफिसं चार आहेत. प्रत्येकाचा पट्टा वेगळा, यादी वेगळी. एक ऑफिस दुसऱ्याला मानत नाही. मी म्हटलं, मग तू जाऊन त्यांना खडसाव. ती बूट काढायला बसली. दमली होती. हल्ली फार दमते.

आणखी एक कळलं. ही आणि घड्याळवाल्याची पोर एकाच हॉलमध्ये सराव करतात. एकीनं बॅग धरायची, दुसरीनं मारायचं. सरावाआधी एकमेकींच्या वेण्या घालतात, घट्ट. दोन जगज्जेत्या एकमेकींच्या वेण्या घालतात! विचारलं, लाज नाही वाटत? म्हणाली, तिचा हात हलका आहे, केस ओढले जात नाहीत.

६ मार्च

दुकान दुपारी बंद ठेवलं. कपडे दुरुस्तीचं दुकान, बंद ठेवलं तरी लोक काच वाजवतात. वाजवू देत. पलंगावर पांढरी चादर अंथरली आणि बटणांचा डबा उपडा केला. सतरा वजनं, प्रत्येक वजनाची चार बटणं. लाल, काळी, निळी, जांभळी. जांभळी संपली तेव्हा हुक लावले. मग नात म्हणाली की काही वजनांत एक ‘तात्पुरती’ पण असते, खरी जखमी असली की. आणि एक ‘रजेवरची’, बाळंतपणाला वगैरे गेली की. मग टिचबटणं काढली. जगात इतक्या जगज्जेत्या आहेत आणि माझ्याकडे बटणं कमी पडली, यावरून समजा.

नात चहा ओतत होती. कपाच्या बाहेर ओतला. निळी आणि जांभळी वाहून गेल्या. म्हटलं, लक्ष कुठंय? म्हणाली, कप सरकल्यासारखा वाटला. कप कशाला सरकेल. चहात साखर दीड चमचा घातली, कारण डोकं चाललं पाहिजे.

९ मार्च

उपाय सापडला. इतका सोपा की ऑफिसातल्या लोकांना सुचला नाही यातच सगळं आलं. नातीच्या लाल झग्यावर, जो घालून ती रिंगमध्ये जाते, पाठीवर ‘जगज्जेती’ मीच भरलंय, सोनेरी दोऱ्यानं. आता त्याच्या वर ‘एकमेव’ भरायचं. लोक वाचतात तेच खरं मानतात.

नातीला आवडलं नाही. म्हणाली, आजी, ती बघेल. म्हटलं, तिनं बघावं म्हणूनच भरतेय. जागा कमी होती म्हणून ‘व’ जरा ‘ज’च्या डोक्यावर बसला. लांबून कळत नाही.

मला सुई नेहमी नात ओवून देते. आज पाच वेळा धागा सुईच्या बाजूनं गेला. शेवटी माझी मी ओवली. माझी नजर एकाहत्तरीत शाबूत आहे. या मुलींची मोबाइलनं गेली.

१२ मार्च

लाल पट्ट्याच्या ऑफिसचा फोन. फॉर्मवर नंबर दुकानाचा दिलाय, फोन मीच उचलते. नातीला ‘नाही’ म्हणता येत नाही. मला येतं, म्हणून सगळं सुरळीत आहे.

माणूस गोड बोलणारा. म्हणाला, तुमच्या नातीला आम्ही ‘सुपर चॅम्पियन’ करतोय, मान्य आहे का? त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी हो म्हटलं. नातीला विचारायला वेळ कुठे होता! बेकरीवाल्याला सांगितलं (पाव घेतला नाही, फक्त सांगितलं). औषधवाल्याला सांगितलं. घड्याळाच्या दुकानासमोर उभी राहून कोणालाच न सांगता मोठ्यानं सांगितलं. साखर दोन चमचे. असे दिवस रोज येत नाहीत.

१५ मार्च

पुन्हा तोच गोड माणूस. म्हणाला, अभिनंदन, तुमची नात सुपर झाली, त्यामुळे साधी जागा रिकामी झाली. तिथे आम्ही दुसरी चॅम्पियन नेमली. मी म्हटलं, म्हणजे तुमच्या एका ऑफिसात दोन? म्हणाला, रजेवरची धरली तर तीन. जगज्जेती म्हणजे काय कारकुनाची जागा आहे, बढती दिली की खाली भरती काढायची?

म्हणजे होत्या चार आणि आता पाच. यात माझा दोष नाही. त्यानं नीट सांगायला हवं होतं.

घड्याळवाल्याची आई समोरून गेली आणि काचेतून पाच बोटं दाखवली. नात म्हणते, ती केस सारखे करत असेल.

१८ मार्च

दुपारी फोन. डोळ्यांचा दवाखाना. मी विचारलं, कोणाचे डोळे? नातीचं नाव घेतलं. न सांगता तपासायला गेली होती. बाई म्हणाली, उजव्या डोळ्याचा रिपोर्ट आलाय, ताबडतोब पाठवा, आणि तोपर्यंत डोक्याला मार लागू देऊ नका. मी म्हटलं, बाई, तिचा व्यवसायच तो आहे.

निरोप सांगणारच आहे. पण आज कोचनं तिला सांगितलंय, डोकं शांत ठेव. कोच कमी बोलतो, तोंडात कायम शिट्टी असते, त्यामुळे तो बोलला की ऐकावं. उद्या सांगेन.

१९ मार्च

आज कपडे फार आले. उद्या.

२१ मार्च

खरा उपाय सापडला. झगा वगैरे ठीक आहे, पण मुळावर घाव घालायला हवा. माझी आणि घड्याळवाल्याची यांनी एकमेकींशी लढायचं. जिंकेल तिचे दोन्ही पट्टे. मग निळी, मग जांभळी, मग ती नवी भरती झालेली. चार लढती. नात चोवीसची आहे, वर्षात उरकेल.

त्यासाठी घड्याळवाल्याच्या आईशी बोलावं लागलं. कामापुरतं. ते बोलणं मोडलं असं धरत नाही. तिच्या दुकानात गेले. भिंतीवर साठ घड्याळं, साठ वेळा. विचारलं, खरी वेळ कुठली? म्हणाली, ही सगळी दुरुस्तीला आलीत, खरी वेळ माझ्या मनगटावर. मग तिनं स्टूल पुढं सरकवलं. म्हणाली, मलाही हे चार चारचं नाटक पसंत नाही. एकदा काय ते होऊन जाऊ दे. तुमची हरली की मी पेढीवरच्या माणसालाही सांगेन. मी म्हटलं, तुमची हरली की मी तुमच्या मनगटावरच्या घड्याळालाही सांगेन. आठ वर्षांत पहिल्यांदा आमचं एकमत झालं. तिचा चहा पातळ असतो.

२४ मार्च

दोघींनी मिळून दोन्ही ऑफिसांना फोन लावला. लाल म्हणालं, आमच्या यादीतल्या पहिल्या नंबरच्या मुलीशी आधी लढायचं, वीस एप्रिलला. तिला सोडून काळ्याशी लढलात तर पट्टा काढून घेऊ. काळं शब्दन् शब्द तेच म्हणालं, फक्त तारीख वेगळी. म्हणजे एक व्हायला गेलं की असलेलं पण जातं. मी म्हटलं, हा नियम कोणी केला? म्हणाला, समितीनं. समितीला फोन द्या. म्हणाला, समिती वर्षातून एकदा भरते.

वीस एप्रिलला लढणार की नाही, हे सहा तारखेला सकाळी अकराला लालचा गोड माणूस विचारणार. नाही म्हटलं की पट्टा त्या साध्या चॅम्पियनकडे. मी म्हटलं, आत्ताच हो लिहा. म्हणाला, नियमाप्रमाणे सहा तारखेलाच विचारावं लागतं.

फोन ठेवला तोच पुन्हा वाजला. दवाखाना. ऑपरेशनची तारीख असं काहीसं म्हणाली. मी म्हटलं, राँग नंबर.

आवाज ओळखला असेल का. नसेल. फोनवर सगळ्या बायकांचा सारखाच येतो.

२५ मार्च

रात्री नीट झोप नाही. उशी बदलायला हवी.

नात हल्ली सराव करताना मान फार फिरवते, असं कोच म्हणाला. मी म्हटलं, नवं तंत्र असेल. शिट्टी तोंडात ठेवून तो माझ्याकडे बघत राहिला. माणसाला कौतुक करता येत नाही.

२७ मार्च

नात जिन्यात शेवटची पायरी चुकली. गुडघा सोलला. घरमालकाला बोलावून घेतलं आणि पायरीवरून असा झाडला की तो फूटपट्टी घेऊन आला. सगळ्या पायऱ्या सारख्या निघाल्या. फूटपट्टी कसली म्हणा त्याची.

३० मार्च, दुपार

घड्याळवाल्याची आई दुकानात आली. हातात फाटकी उशी, उसनं निमित्त. उशी ठेवली आणि बसली. म्हणाली, आमची पोर तुमच्या पोरीशी लढणार नाही म्हणते. मी म्हटलं, घाबरली असं सरळ म्हणा की. तिनं रागावायला हवं होतं. रागावली नाही. म्हणाली, ती म्हणते, आजी, तिला माझा डावा हात येताना दिसतच नाही. उजवीकडचं तिला काही दिसत नाही. दोन महिने झाले. सरावात मी मुद्दाम हळू मारते. हॉलमधून बाहेर पडताना मी तिच्या उजव्या बाजूला चालते, नाहीतर ती दाराला धडकते.

मी म्हटलं, उशी उद्या मिळेल.

ती गेल्यावर सुई ओवायला घेतली. धागा जाईना. उजेड कमी होता. भर दुपारचे बारा.

३१ मार्च

सकाळी चहा करून नातीच्या उजव्या बाजूला उभी राहिले. कप तिच्या खांद्याजवळ धरला, काही बोलले नाही. ती बुटाची नाडी बांधत होती. मग केस बांधले. मग खिडकीबाहेर बघितलं. कप वीतभर अंतरावर. मग मोठ्यानं हाक मारली, आजी, चहा झाला का गं?

मी म्हटलं, दूध नासलं.

तो चहा मीच प्यायले, गार झाल्यावर. साखर घालायची राहिली होती.

१ एप्रिल

सांगितलं. म्हटलं, दवाखान्यातून फोन आला होता. म्हणाली, कधी? म्हटलं, आज. मग म्हटलं, अठराला. मग म्हटलं, चोवीसलाही. तीनदा खोटं बोलायला माझ्याच्यानं होत नाही, गुडघे दुखतात.

ती चिडली नाही. चिडली असती तर बरं, मी तयारी केली होती. म्हणाली, आजी, मला माहीत आहे. वीस मार्चला मी स्वतःच रिपोर्ट आणला. डोळ्याचा आतला पडदा फाटलाय. ऑपरेशन करतील. पण लढणं संपलं. आणखी एक ठोसा बसला तर तो डोळा गेला.

मी म्हटलं, मग बारा दिवस झाले, अजून बॅगवर का मारतेस? घरात का नाही बोललीस? तुला तोंड नाही?

म्हणाली, तू झगा भरत होतीस.

हे काय कारण झालं? मी रोजच काही ना काही शिवत असते. माझा धंदाच तो आहे. असं तिला सांगितलं. ती हो म्हणाली. मग तिनं टेबलावरची सुई उचलली आणि बराच वेळ धागा ओवत राहिली, डावा डोळा बारीक करून, आणि ओवली. माझ्या हातात दिली. ओवलेली सुई परत करता येत नाही, म्हणून त्या उशीचं काम संपवलं.

२ एप्रिल

हॉलमध्ये गेले. कोचला सांगितलं. त्यानं तोंडातली शिट्टी काढली. शिट्टीशिवाय त्याचं तोंड फार लहान आहे. म्हणाला, बरं झालं आजी, मला वाटतच होतं, पण ती मान्य करत नव्हती, आणि तुम्ही वीस तारखेसाठी चपलासुद्धा नव्या घेतल्यात असं कळलं. चपलांचा इथे काय संबंध.

घड्याळवाल्याची पोर कोपऱ्यात हाताच्या पट्ट्या गुंडाळत होती. उठून उभी राहिली. म्हणाली, आजी, ऑपरेशनला मी येईन सोबत. मी म्हटलं, ये. उजव्या बाजूला चाल. तिनं मान हलवली.

नात तिच्या पुढ्यात बसली आणि तिनं नातीची वेणी सोडली. घट्ट असते ना, सुटायला वेळ लागतो.

३ एप्रिल

झगा खाली काढला. ‘एकमेव’ उसवलं. उसवताना कळलं की भरतकाम किती पक्कं आहे, असे टाके आता कोणी घालत नाही. दोरा निघाला, पण कापडावर भोकं राहिली. उजेडाला धरलं की भोकांतून ‘एकमेव’ अजून वाचता येतं. कापड हलकं. मी आधीच म्हणत होते, हलकं आहे.

‘जगज्जेती’ तेवढं राहू दिलं. त्यावर माझा काही हक्क नाही, ते तिनं मारून घेतलंय.

झगा दवाखान्यात घालायला नेणार. उबदार आहे आणि पुढून सुटा, डॉक्टरांना बरं पडतं. आणि पेशंट पाठीवर झोपतो, त्यामुळे कोणी वाचणार नाही. बघा, सगळा विचार मीच करायचा.

५ एप्रिल

घड्याळवाल्याच्या आईनं हिशेब समजावला. उद्या नातीनं ‘नाही’ म्हटलं की लाल ऑफिसातली साधी आपोआप मोठी होणार, आणि साधी जागा बंद. म्हणजे पाचाच्या पुन्हा चार होतील.

म्हणजे एक मी कमी केली. एप्रिल संपायच्या आत, ठरवल्याप्रमाणे. कोणी नोंद घेतलीय असं नाही. अभिनंदनाचा फोन कुठून येणार.

तिला म्हटलं, तुमची राहिली ना चौघींत. म्हणाली, राहिली. मग म्हणाली, तुमची असती तर बरं वाटलं असतं हो, भांडायला कोणी हवं. तिला चहा दिला. माझाही पातळ झाला होता. चालायचंच.

ऑपरेशन नऊ तारखेला. चपला परत घेत नाही म्हणतो दुकानदार. दवाखान्यात घालीन.

उद्या सकाळी अकराला लाल पट्ट्याचा फोन वाजेल. मी इथेच असेन, मशीनवर, पायानं पॅडल मारत. त्या आवाजात मला काही ऐकू येत नाही. नातीला सांगून ठेवलंय, पहिल्या घंटेला नाही, तिसऱ्या घंटेला उचल, घाई दिसता कामा नये. आणि ‘नाही’ एकदाच म्हण. कारण विचारलं तर तेही तूच सांग.

मी उचलायचा नाही. दहादा वाजला तरी. फोन तिनंच उचलायचा.